पेढीवरील ई-मेल आणि उघडी वही

गेल्या खेपेस या स्मरणिकेत आम्ही कडधान्यांच्या साठामर्यादेविषयी लिहिले होते. तो लेख वाचून आपल्याच असोसिएशनच्या एका तरुण सभासदाने भर रविवार पेठेत आम्हांस गाठून म्हटले, "काका, गोदामातल्या साठ्याचे पुष्कळ झाले. आमच्या मेलबॉक्समध्ये जो साठा पडून आहे, त्याची मर्यादा कोण ठरवणार?" त्याने हे थट्टेने म्हटले, परंतु ती थट्टा आमच्या वर्मी लागली. कारण त्याच साठ्यापायी आमच्या हातून एका भल्या माणसाचा अपमान घडला होता, आणि ती गोष्ट आम्ही आजवर चारचौघांत सांगितलेली नाही. संगणकाविषयी लिहिण्याइतके आमचे शिक्षण नाही. मॅट्रिक झालो आणि दुसऱ्याच महिन्यात गादीवर येऊन बसलो. तथापि ज्याचा त्रास सोसला त्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणासही असतो, एवढ्याच आधारावर हा लेख लिहीत आहोत.

आम्ही गादीवर आलो तेव्हा पेढीचा सारा व्यवहार एका खोलीत चाले. वडिलांच्या डाव्या हाताशी रोजकीर्द, उजव्या हाताशी सौद्याची वही, मागील फळीवर खतावण्या, आणि दाराशी दिवाणजींच्या डेस्कावर आवक-जावकची नोंदवही. टपाल अकराच्या सुमारास येई. वडील चष्मा लावून प्रत्येक पत्र मोठ्याने वाचीत. इंदूरच्या अडत्याने चण्याचा काय भाव कळविला, गुलबर्ग्याची तूर कधी निघाली, वेंगुर्ल्याच्या गिऱ्हाइकाने पोत्यांच्या शिलाईविषयी काय तक्रार केली, हे सर्व दिवाणजी ऐकत, तोलार ऐके, दारात बसलेला हमालांचा मुकादमही ऐके. कोणी मुद्दाम कोणास काही कळवीत नसे, तरीही सर्वांस सर्व ठाऊक असे. एखादे दिवशी वडील परगावी गेले तर दुसरा कोणीही वही उघडून पाही आणि काम पुढे चाले. तार आली तर पोरेटोरे धावत, कारण तार म्हणजे एकतर भाव चढलेला असावयाचा, नाहीतर कोणी गेलेले असावयाचे. ती तारसेवाही जुलै २०१३ मध्ये सरकारने बंद केली.

ई-मेल तसा पाहता जुना आहे. अमेरिकेत रे टॉमलिन्सन नामक अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडले आणि माणसाचे नाव व त्याच्या यंत्राचे नाव यांमध्ये '@' ही खूण घातली. ही खूण आपल्या धंद्यास परकी नव्हे. 'अमुक पोती, दर अमुक' असे लिहिताना इंग्रजी बिलांत व्यापारी ती पूर्वापार घालीत आले आहेत. आपल्या देशात सामान्य जनतेसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. आमच्या पेढीवर ते यावयास आणखी आठ वर्षे गेली. प्रथम पेढीचा एकच पत्ता होता. सकाळी मुलगा आलेले मेल छापून कागद गादीवर आणून ठेवी आणि आम्ही ते वडिलांप्रमाणेच मोठ्याने वाचीत असू. तोवर सर्व ठीक होते.

बिघाड पुढे झाला, आणि तो सुधारणेच्या नावाखाली झाला. प्रत्येकास स्वतंत्र पत्ता दिला. वसुली पाहणाऱ्याचा निराळा, गोवा विभाग पाहणाऱ्याचा निराळा, दिवाणजींचा निराळा, आमचा निराळा. हातात फोन आल्यावर तर प्रत्येकजण आपली पत्रे आपल्या खिशात घेऊन हिंडू लागला. एकच उघडी वही होती, तिची पाने फाडून आठ जणांनी आठ खिशांत घातली, असाच हा प्रकार होय. परंतु तेव्हा तो आमच्या ध्यानी आला नाही.

येथे 'सीसी'विषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. नव्या पिढीस ही अक्षरे कशाची हे ठाऊक नसते. ती कार्बन कॉपीची आहेत. निळा कार्बन कागद दोन कागदांमध्ये घालून, दाबून लिहून जी प्रत निघे, ती. तिसरी प्रत फिकी येई, चौथी वाचता येत नसे. त्यामुळे प्रत कोणास धाडावयाची याचा माणूस विचार करी. ई-मेलमध्ये विसाव्या प्रतीस जितके श्रम तितकेच पहिलीस. लिहिणाऱ्याचे काही जात नाही, जाते ते वाचणाऱ्याचे. 'आपण कळविले होते' एवढा पुरावा हाती असावा म्हणून माणसे प्रती धाडतात, आणि ज्यास प्रत आली तो, दुसरा पाहील, असे म्हणून पुढे जातो.

ऑगस्ट २०१८ मध्ये नेमके हेच घडले. गोव्यात चवथ जवळ आली की डाळींची मागणी वाढते, हे आपल्या वाचकांस सांगावयास नकोच. म्हापशाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा दहा टन तूरडाळीचा सौदा झाला होता. गाडी गुरुवारी रात्री भरून चोर्ल्याच्या घाटाने निघाली आणि शुक्रवारी सकाळी म्हापशास पोहोचली. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार! त्यातून चवथीपूर्वीचा. गाडी बाजाराच्या तोंडाशी चार तास अडकून पडली. आणि खरी गोष्ट तर पुढेच होती. त्या गिऱ्हाइकाने बुधवारीच कळविले होते की माल म्हापशास आणू नये, परस्पर मडगावच्या गोदामात उतरावा, तेथील दुकानदार वाट पाहत आहेत. गाडीवाला जादा भाडे मागू लागला. भाड्याची बोलणी होऊन गाडी मडगावास जाईतो रात्र झाली. तोवर तेथील दुकानदारांनी दुसरीकडून डाळ उचलली होती. भाव तोडून द्यावा लागला तो लागलाच. शिवाय त्या गिऱ्हाइकाने पुढील दोन वर्षे आमच्याकडे एक पोतेही मागितले नाही.

त्या दुपारी आमचा पारा चढला होता. दिवाणजी आमच्या पेढीवर एकतीस वर्षे होते. आमच्या वडिलांनी त्यांस ठेवले होते. सर्वांदेखत, हमालांदेखत, आम्ही त्यांस बोललो. वय झाले, लक्ष राहत नाही, गिऱ्हाइकाचे पत्र दाबून ठेवता, असे नको नको ते बोललो. ते एवढेच म्हणाले, "मालक, ते पत्र माझ्याकडे आलेच नाही." नंतर त्यांनी दौत-लेखणी आवरावी तसा संगणक बंद केला, चष्म्याचे घर खिशात घातले आणि टोपी घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

चौथ्या दिवशी मुलाने शोध लावला. गिऱ्हाइकाने तो मेल गोवा विभाग पाहणाऱ्या मुलास लिहिला होता. तो मुलगा बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होता. त्याची एक प्रत पेढीच्या सामाईक पत्त्यावर होती. तेथे बँकांच्या आणि विम्याच्या जाहिरातींखाली ती गाडली गेली होती. आणि आणखी एक प्रत आमच्या स्वतःच्या पत्त्यावर आली होती. मुलगा काही बोलला नाही. त्याने फोन आमच्या हाती दिला. तो मेल उघडलेला होता. बुधवारी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आम्हीच तो उघडला होता, 'सकाळी सांगू' असे म्हटले होते, आणि सकाळ झाल्यावर विसरलो होतो. दिवाणजींच्या पत्त्यावर मात्र तो खरोखरच आलेला नव्हता.

आम्ही त्याच संध्याकाळी शहापुरात त्यांच्या घरी गेलो. काय बोललो ते येथे लिहीत नाही. ते आठ दिवसांनी कामावर आले. परंतु त्यानंतर कित्येक महिने ते आमच्याकडे पाहून बोलत नसत, वहीकडे पाहून बोलत.

या प्रकरणानंतर मुलाने आमच्यापुढे काही कागद छापून आणून ठेवले. "अण्णा, हा रोग आपल्या एकट्याचा नाही," तो म्हणाला. त्या कागदांत जे वाचले त्यातील काही भाग वाचकांसाठी देतो.

कॅनरी बेटांवर राहून आयबीएम या बलाढ्य कंपनीचे काम करणारे लुईस सुआरेझ नावाचे एक गृहस्थ होते. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी ठरविले की कचेरीतील कामासाठी ई-मेल लिहावयाचा नाही. त्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली होती. जितक्या पत्रांस उत्तर द्यावे तितकी अधिक पत्रे येतात. तेव्हा कोणी मेलने प्रश्न विचारला की ते त्याचे उत्तर मेलने न देता कंपनीतील सर्वांस दिसेल अशा सामाईक पानावर लिहीत व विचारणाऱ्यास तेथे पाहावयास सांगत. पुन्हा तोच प्रश्न दुसऱ्यास पडला तर उत्तर तेथे तयार असे. एका आठवड्यात त्यांच्याकडे येणारे मेल ८० टक्क्यांनी घटले, असे त्यांनी त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिले. मात्र दोघांतच राहावे अशा खाजगी मजकुरासाठी त्यांनी ई-मेल ठेवला होता.

दुसरे उदाहरण फ्रान्समधील ॲटोस या कंपनीचे. तिचे प्रमुख थिएरी ब्रेटन हे पूर्वी फ्रान्सचे अर्थमंत्री होते. त्यांनी २०११ च्या प्रारंभी जाहीर केले की तीन वर्षांत कंपनीतील अंतर्गत ई-मेल शून्यावर आणू. कर्मचाऱ्यांस दिवसाला जी सुमारे दोनशे पत्रे येत, त्यांतील जेमतेम वीस कामाची असत, असे त्यांचे म्हणणे होते. सामाईक कामाचे सॉफ्टवेअर करणारी ब्लूकिवी नावाची कंपनीच त्यांनी २०१२ मध्ये विकत घेतली. शून्य काही झाले नाही. तथापि अंतर्गत ई-मेल निम्म्याहून अधिक घटले. ॲटोस पुढे मोठ्या आर्थिक संकटात सापडली, पण ती कर्जामुळे, ई-मेल सोडल्यामुळे नव्हे. हे सांगणे आवश्यक, कारण आमच्या बाजारात लोक दोन गोष्टींची गाठ सहज मारतात.

मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने २०१२ मध्ये असा हिशेब मांडला होता की कचेरीत बसून काम करणाऱ्या सुशिक्षित नोकराचा आठवड्यातील २८ टक्के वेळ ई-मेल वाचण्यात व लिहिण्यात जातो, आणि जवळजवळ पाचवा हिस्सा वेळ कचेरीतलीच माहिती किंवा माहितगार माणूस शोधण्यात जातो. पहिल्या आकड्याचे आम्हांस विशेष वाटले नाही, दुसऱ्याचे वाटले. आपल्याच गोदामात आपलेच पोते शोधत हिंडावे, त्यातली ही गत!

या सामाईक पानांची मूळ कल्पना वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन माणसाची. १९९५ च्या मार्चमध्ये त्याने पहिली 'विकी' सुरू केली. म्हणजे असे पान, जे कोणीही वाचावे, कोणीही दुरुस्त करावे, आणि कोणी काय बदलले त्याची नोंद मागे राहावी. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे चटकन. होनोलुलूच्या विमानतळावर धावणाऱ्या बसला ते नाव होते, त्यावरून त्याने घेतले. पुढे 'स्लॅक' आले, त्याची कथा धान्याच्या व्यापाऱ्यास विशेष रुचावी. स्टुअर्ट बटरफील्ड व त्याचे सहकारी 'ग्लिच' नावाचा संगणकावरील खेळ तयार करीत होते. मंडळी निरनिराळ्या शहरांत बसून काम करीत, म्हणून आपसांत बोलण्यासाठी त्यांनी एक सोय करून घेतली होती. खेळ चालला नाही, २०१२ मध्ये बंद पडला. तेव्हा ती आपसांतली सोयच त्यांनी बाजारात आणली, आणि २०२१ मध्ये सेल्सफोर्स कंपनीने ती अब्जावधी डॉलर मोजून घेतली. माल विकला गेला नाही, पण बारदान सोन्याच्या भावाने गेले!

असो. आता आमच्या पेढीकडे वळतो.

पहिला प्रयत्न फसला, आणि तो आमच्या आग्रहाने केलेला होता. मुलगा म्हणत होता की नीट विचार करून एखादे साधन निवडू. आम्हीच घाई करून व्हॉट्सॲपवर 'पेढी' नावाचा गट करावयास लावला. सर्वांच्या फोनवर आहे, पैसा पडत नाही, मग आणखी काय हवे? चौथ्या दिवशी त्या गटात सुप्रभाताची फुले, मधुमेहावरील काढा, कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस आणि मध्येच कोठेतरी सिहोरच्या गव्हाचा भाव. ई-मेलचा कचरा निदान एका जागी पडून राहत असे, हा तर मिनिटामिनिटास खिशात वाजू लागला. साधन बदलले म्हणजे शिस्त आपोआप येते असे समजणे किती भोळेपणाचे, ते आम्ही त्या आठवड्यात शिकलो.

नंतर मुलाने जे आणले त्याचे नाव येथे देत नाही. जाहिरातींची पाने या स्मरणिकेत अन्यत्र आहेत. अशी साधने आता पुष्कळ आहेत, आपल्या चेन्नईच्या झोहो कंपनीचेही आहे. नावापेक्षा रचना महत्त्वाची. आम्ही माणसांप्रमाणे कप्पे केले नाहीत, कामांप्रमाणे केले. आवक, गोवा, कोकण, वसुली, गोदाम. गोव्याविषयी जे काही लिहावयाचे ते गोव्याच्या कप्प्यात, मग लिहिणारा कोणी का असेना. गिऱ्हाइकाचा किंवा अडत्याचा मेल ज्याच्याकडे येईल त्याने तो वाचताक्षणी त्या त्या कप्प्यात टाकावयाचा. नंतर त्याने रजा घ्यावी, आजारी पडावे, लग्नास जावे. ज्याने काम हाती घेतले त्याने तेथे आपले नाव लिहावयाचे. आणि पेढीतल्या पेढीत एकमेकांस ई-मेल लिहावयाचा नाही. हा नियम प्रथम मोडला तो आम्हीच; मुलाने उत्तर न देता तो मजकूर कप्प्यात नेऊन ठेवला, तेव्हा आम्ही समजलो.

याशिवाय प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक पान केले, आणि खरा वाद तेथे उत्पन्न झाला.

गिऱ्हाइकांची माहिती वहीत कोठे होती? ती दिवाणजींच्या डोक्यात होती. कोणास डाळ तेल लावलेली चालत नाही, कोण ओलाव्याबद्दल कुरकुर करतो पण माल परत करीत नाही, कोणाचे दुकान कोणत्या वारी बंद, कोणाकडे पैसे मोठ्या भावाकडे मागावयाचे आणि धाकट्याकडे मुळीच नाही, सावंतवाडीकडे जाणाऱ्या गाडीस आंबोलीच्या घाटात धुके असेल तर कोठे थांबवावे. मुलाने त्यांस विनंती केली की आपण सांगा, मी टंकतो. दिवाणजी दोन दिवस टाळत राहिले. तिसऱ्या दिवशी दुकान बंद करतेवेळी ते आमच्यापाशी आले आणि म्हणाले, "मालक, माझं डोकं रिकामं करून घेतल्यावर मला घरी बसवणार काय?"

या प्रश्नावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. मुलाने आणलेल्या त्या सर्व कागदांत या प्रश्नाचे उत्तर आम्हांस कोठे आढळले नाही. नोकर माहिती आपल्यापाशी दाबून ठेवतो ती लबाडीने नव्हे. ती त्याची पुंजी असते. आपण भांडवल तिजोरीत ठेवतो, तो डोक्यात ठेवतो. 'सर्व उघडे करा' असे सांगणे मालकास सोपे आहे, कारण उघडे झालेले शेवटी त्याच्याच पेढीत राहते. आणि आम्ही तर त्या माणसास चारचौघांत बोललेले! त्याने आमच्यावर कोणत्या आधारावर विश्वास ठेवावा?

आम्ही त्यांस लिहून दिले. हात चालतील तोवर काम, आणि थांबतील तेव्हापासून अमुक रक्कम दरमहा घरी. आकडा येथे सांगण्याचे कारण नाही. तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाशेजारी खुर्ची ओढून बसले. सांगावयास लागले ते पावणेदोन महिने सांगत होते. कधीकधी आम्ही गादीवरून ऐकत असू. आमच्याच गिऱ्हाइकांविषयी निम्मे आम्हांस ठाऊक नव्हते. ज्या गिऱ्हाइकापायी हे सर्व घडले त्याच्या पानावर त्यांनी पहिले वाक्य लिहविले ते असे : 'शुक्रवारी म्हापशाचा बाजार, गाडी गुरुवारी दिवसा पोहोचवावी, नाहीतर शनिवारी.' हे त्यांनी आमच्याकडे न पाहता सांगितले. खरोखर, त्या गुरुवारी त्यांस विचारले असते तरी गाडी अडकली नसती. परंतु गाडी भरण्याचा निरोप आम्ही परस्पर फोनवरून गोदामात दिला होता.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली तेव्हा या कामाचा उपयोग दिसला. धान्याचा व्यापार चालू ठेवणे भाग होते. परंतु पेढीवर दोघातिघांहून अधिक येऊ शकत नव्हते. दिवाणजींचे वय पाहता त्यांस घरीच राहण्यास सांगितले. गोव्यात प्रारंभीच्या दिवसांत किराणा मिळविण्यासाठी लोकांची ओढाताण चालली होती, गाड्यांना परवाने लागत होते, चालक मिळत नव्हते. त्या काळात कोणती गाडी कोठे आहे, कोणाचा परवाना झाला, कोणाकडे किती माल शिल्लक, हे सर्व कप्प्यांत लिहिले जाई. आपापल्या घरी बसून सहाजणांस ते एकाच वेळी दिसे. आमच्या वडिलांचे टपाल मोठ्याने वाचणे आम्हांस त्या दिवसांत वारंवार आठवले. म्हापशाच्या त्या गिऱ्हाइकानेही याच सुमारास, दोन वर्षांनी, प्रथम फोन केला. डाळीची निकड होती म्हणून केला, आमच्या प्रेमाने नव्हे, पण केला.

आता, हे वाचून कोणी उद्यापासून ई-मेल बंद करू म्हणेल, तर तसे करू नये. बाहेरच्या व्यापाऱ्याशी झालेला सौदा ई-मेलवर असणे हिताचे आहे. दुबईची ट्रायमेक्स आणि वेदान्त ॲल्युमिनियम यांच्यात बॉक्साइटच्या पाच जहाजांचा व्यवहार केवळ ई-मेलवर ठरला होता. रीतसर करारावर सही झाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो करार पक्का धरला. तेव्हा ई-मेलवर 'मान्य' असे लिहिताना सही करतो आहोत असेच समजावे. बँक, जीएसटी, विमा, सरकारी कचेऱ्या यांचा पत्रव्यवहार आम्ही तेथेच ठेवला आहे. फरक एवढाच की तो आता एका पत्त्यावर येतो आणि दररोज सकाळी एक माणूस तो पाहतो.

अंतर्गत ई-मेल बंद केल्याने एक लाभ मात्र न मागता झाला. मालकाच्या नावाने 'अमुक खात्यात ताबडतोब रक्कम भरा' असे खोटे मेल धाडून पेढ्यांस फसविण्याचे प्रकार सर्वत्र चालतात. आमच्याकडेही असा एक मेल आला. वसुली पाहणाऱ्या मुलाने तो हसतच आम्हांस दाखविला, कारण मालक ई-मेल लिहीत नाहीत हे पेढीवर सर्वांस ठाऊक होते.

सर्वच उघडे ठेवावे काय, याविषयी आमचे मत अद्याप डळमळीत आहे. खरेदीचा भाव आम्ही कप्प्यांत लिहीत नाही. तो आमच्या आणि मुलाच्या दरम्यान राहतो. मुलगा म्हणतो, "अण्णा, तुम्ही अर्धी वही मिटूनच ठेवता." असेल. वडीलही सौद्याची वही गिऱ्हाईक आले की उपडी घालीत असत. कोणाचे घरगुती दुःख, कोणाची थकलेली उधारी का थकली त्याचे खरे कारण, हेही आम्ही पानावर लिहू देत नाही. तेथे केवळ 'मालकांस विचारावे' असे लिहिले जाते.

दुसरी भीती अशी की ई-मेल हा कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. एका कंपनीचा पत्ता असलेला दुसरीच्या पत्त्यास लिहू शकतो. या सामाईक साधनांचे तसे नाही. ज्याची धर्मशाळा त्याचे नियम, आणि त्याने दार लावले की आपण रस्त्यावर. फेसबुकच्या मालकांनी कचेऱ्यांसाठी 'वर्कप्लेस' नावाचे असेच साधन २०१६ मध्ये काढले होते. मे २०२४ मध्ये ते बंद करण्याचे जाहीर केले. म्हणून दर अमावास्येस आम्ही गिऱ्हाइकांची सर्व पाने कागदावर छापून फाईलीत लावतो. कागदाचा खर्च होतो याबद्दल मुलगा कुरकुरतो. दिवाळीत वहीपूजनास रोजकीर्दीशेजारी आता ही फाईलही मांडतो.

दिवाणजी २०२२ च्या पाडव्यास निवृत्त झाले. ठरलेली रक्कम दरमहा त्यांच्या घरी जाते. त्यांचा त्या कप्प्यांतला प्रवेश मुलाने बंद केला नाही. आम्हीच करू दिला नाही. नातवाच्या फोनवरून ते रात्री पाहत बसतात, असे त्यांच्या सूनबाई सांगतात. चार-सहा आठवड्यांपूर्वी रात्री साडेनऊ वाजता त्यांचा फोन आला.

"मालक, म्हापशाच्या पानावर नव्या पोरानं शनिवार बाजार म्हणून लिहिलंय. शुक्रवार करायला सांगा त्याला."

आम्ही म्हटले, "दिवाणजी, तुम्हांस लिहिता येते की तेथे. तुम्हीच करा."

ते क्षणभर थांबले. "मी केलं तर चालेल?" त्यांनी विचारले.

थोड्या वेळाने आम्ही ते पान उघडून पाहिले. शनिवार खोडून शुक्रवार झाला होता, आणि खाली त्यांचे नाव व वेळ उमटली होती : नऊ वाजून बेचाळीस मिनिटे.